दोन लेगांचा सुपर कप वहीत कसा मांडायचा

२३ ऑगस्ट २०१२. स्पेनच्या फुटबॉल सुपर कपची पहिली मॅच. घरच्या कॅम्प नोऊ मैदानावर रेआल माद्रिदविरुद्ध झावीने बार्सिलोनाचा तिसरा गोल केला, स्कोअर ३-१ झाला आणि मी टीव्ही बंद करून झोपले. अठ्ठ्याहत्तरावं मिनिट होतं, रात्रही बरीच झाली होती. सकाळी धाकट्या भावाने विचारलं, "ताई, वाल्देसने काय केलं पाहिलंस ना?" नव्हतं पाहिलं. ८५व्या मिनिटाला बार्सिलोनाचा हा गोलकीपर मागे आलेला चेंडू लगेच लांब न मारता पायाशी खेळवत राहिला. रेआलच्या दि मारियाने तो हिसकावला आणि मोकळ्या गोलात ढकलला. ३-२. "असू दे, मॅच तर जिंकलो," मी म्हटलं. सहा दिवसांनी करंडक त्याच एका चेंडूवर गेला, तेव्हापासून सुपर कप बघताना माझ्या मांडीवर वही असते.

स्पेनचा सुपर कप म्हणजे मुळात ला लीगाचा, म्हणजे तिथल्या साखळी स्पर्धेचा, विजेता विरुद्ध कोपा देल रेचा, म्हणजे बाद पद्धतीच्या स्पर्धेचा, विजेता. १९८२ मध्ये सुरू झाला आणि २०१७ पर्यंत दोन लेगांत खेळला गेला: एक मॅच एकाच्या घरी, दुसरी दुसऱ्याच्या. २०१८ ला मोरोक्कोत तांजिएरला एकच मॅच झाली, आणि आता तर चार संघ खेळतात. त्यामुळे जुन्या जोड्या रेकॉर्डिंगवरच बघायच्या. दोन्ही मॅच सलग मिळतात ही सोय, पण निकाल आधीच कळून बसतो ही पंचाईत. निकाल माहीत असला तरी वही काढाच. करंडक कोणी नेला हे शोधून सापडतं, तो कितव्या मिनिटाला कोणाच्या हातात होता हे स्वतःच मांडावं लागतं.

पान आडवं धरा. दोन संघांच्या दोन ओळी आणि तीन रकाने: घरचे गोल, बाहेरचे गोल, एकूण. खाली मोठी जागा मोकळी सोडा आणि तिथे लिहा, "आता कोणाला काय हवंय". मॅचचा स्कोअर टीव्हीच्या कोपऱ्यात दिसतोच, तो उतरवण्यात हशील नाही. खरी वही ही खालची ओळ. प्रत्येक गोलनंतर जुनी खोडायची, नवी लिहायची.

२०१२ चंच घ्या. स्पेनमध्ये तेव्हा एकूण गोल बरोबरीत सुटले तर बाहेर जास्त गोल करणारा जिंकायचा. पहिल्या लेगनंतर बार्सिलोना घरचे ३, रेआल बाहेरचे २. खालची ओळ: "रेआलला घरी, बेर्नाबेउवर, १-० सुद्धा पुरे." ३-१ वर थांबलं असतं तर तीच ओळ "रेआलला २-० लागेल" अशी झाली असती. दुसऱ्या लेगमध्ये इग्वाइन आणि रोनाल्डोने विसाव्या मिनिटाच्या आतच २-० केलं, मग बार्सिलोनाच्या आद्रियानोला रेड कार्ड. हाफटाइमच्या तोंडावर मेस्सीची फ्री किक थेट जाळ्यात. २-१, एकूण ४-४, बाहेरचे गोल रेआल २, बार्सिलोना १. आता खालची ओळ वाचा: दहा जणांच्या बार्सिलोनाचा एक गोल झाला की एकूण ५-४ आणि करंडक त्यांचा. जादा वेळ नाही, पेनल्टी नाहीत. पुढची पंचेचाळीस मिनिटं या एका ओळीवर टांगलेली होती आणि तो गोल झालाच नाही. दि मारियाचा तो गोल वजा करून बघा, ४-३ ने करंडक बार्सिलोनाच्या कपाटात.

ऑगस्टचं भान ठेवा. सीझन नुकताच उघडलेला असतो, पाय जड असतात, खेळाडूंच्या खरेदीचा बाजार चालूच असतो. म्हणून सुरुवातीच्या अकरांची नावं मी पानाच्या डोक्यावर लिहिते. २०१५ ला बार्सिलोना ११ ऑगस्टला तिबिलिसीत सेविय्याशी जादा वेळेपर्यंत खेळून ५-४ ने जिंकून आली होती. तीन दिवसांत आथलेटिक बिलबाओच्या घरी, सान मामेसवर उतरली, ती बरेच बदल करून. आथलेटिकच्या सान होसेने जवळजवळ मध्यरेषेवरून चेंडू उडवून पहिला गोल केला, मग आदुरिसने तीन ठोकले. ४-० नंतरची ओळ लिहायला सोपी: "बार्सिलोनाला निदान चार, आणि एकही खायचा नाही." कॅम्प नोऊवर मेस्सीने एक केला, पण दुसऱ्या हाफमध्ये त्यांचाच पिके रेड कार्ड घेऊन बाहेर गेला. आदुरिसने १-१ केलं तेव्हा मी खालच्या ओळीत "आणखी पाच" लिहिलं आणि पेन ठेवून दिलं.

इथे नवखे अडखळतात, कारण बार्सिलोनाने त्या वर्षी लीग आणि कोपा दोन्ही जिंकले होते. मग समोर आथलेटिक कुठून? कोपाचा उपविजेता म्हणून. पूर्वी तसं नव्हतं. १९८४ ला आथलेटिकनेच दोन्ही जिंकले तेव्हा सुपर कप त्यांना मॅच न खेळताच मिळाला, १९८९ ला रेआललाही तसाच. मधली एकतीस वर्षं आथलेटिककडे मोठा करंडक आला नव्हता, त्यामुळे २०१५ चा दुसरा लेग हिशोबात संपलेला असला तरी शेवटच्या शिट्टीपर्यंत बघण्यासारखा आहे.

दुसरा लेग घरी खेळणं फायद्याचं असं सगळे म्हणतात. २०११ ते २०१७ ही सात वर्षं मी ताडून पाहिली. दरवेळी लीगचा विजेताच दुसरा लेग घरी खेळला आणि सातपैकी सहा वेळा करंडकही त्याचाच. न मिळालेलं एक वर्ष तेच, २०१५. अर्थात लीग जिंकणारा संघ मुळात तगडा असतो, तेव्हा श्रेय घराला द्यायचं की संघाला, यावर भावाशी माझा वाद चालू आहे.

कार्डांसाठी वेगळा रकाना नको, समासात खूण पुरे. मात्र २०१७ चा पहिला लेग बघताना समास रुंद सोडा. बदली म्हणून आलेल्या रोनाल्डोने गोल केला, शर्ट काढून पिवळं कार्ड घेतलं, थोड्याच वेळात पेनल्टी क्षेत्रात पडल्याबद्दल दुसरं घेतलं आणि जाता जाता रेफरीला ढकललं. पाच सामन्यांची बंदी.

नव्या स्पर्धांतले दोन लेग मांडणार असाल तर आधी नियम बघा. युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, २०२१-२२ पासून बाहेरच्या गोलचा नियम काढून टाकला. तिथे मधला रकाना लागतच नाही आणि बरोबरी झाली की थेट जादा वेळ.

सुरुवात २०१३ पासून करा, गोल मोजकेच असल्यामुळे पान स्वच्छ राहतं. पहिला लेग आतलेतिको माद्रिदच्या घरी. त्याच उन्हाळ्यात बार्सिलोना सोडून आलेल्या विय्याने आपल्या जुन्या संघावर गोल केला. बार्सिलोनाकडून बदली आलेल्या नेमारने ६६व्या मिनिटाला आल्वेसच्या क्रॉसवर हेडर मारून १-१ केलं. खालची ओळ लिहा: "०-० सुटली तरी बार्सिलोना." दुसऱ्या लेगमध्ये मेस्सीची पेनल्टीसुद्धा हुकली, आणि ती ओळ नव्वद मिनिटं खोडावी लागली नाही.