हृदयरुग्णाचं दुखणं: मनाच्या बाजूने करायचे उपाय

बायपासनंतर दुखणारं छातीचं हाड, पायातली शीर काढली तिथली आग, स्टेंट घालूनही चालताना येणारा जडपणा, पेसमेकरच्या बाजूचा आखडलेला खांदा. या दुखण्यांवर हृदयरुग्णाला गोळ्यांची निवड कमी असते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी औषधं अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, रक्तदाब वाढवतात आणि झटक्याचा धोकाही वाढवतात. त्यामुळे मनाच्या बाजूने करायच्या उपायांना इथे जास्त किंमत आहे. याचा अर्थ दुखणं मनाचं आहे असा नव्हे. दुखण्याची जाणीव मेंदूत तयार होते. भीती, जागरण आणि सतत तिकडेच लागलेलं लक्ष यांनी ती तीव्र होते, एवढंच.

आधी एक गोष्ट पक्की करा. छातीत दाब किंवा आवळल्यासारखं वाटतंय, कळ हातात, जबड्यात किंवा पाठीत जातेय, घाम फुटलाय, दम लागलाय, मळमळतंय, तर हातातलं काम सोडून बसा. जिभेखालची गोळी दिलेली असेल तर सांगितल्याप्रमाणे घ्या. (लैंगिक ताठरतेसाठीच्या गोळ्यांपैकी सिल्डेनाफिल गेल्या २४ तासांत किंवा टाडालाफिल गेल्या ४८ तासांत घेतली असेल तर जिभेखालची गोळी घेऊ नका, रक्तदाब एकदम कोसळतो.) ५ मिनिटांत उतार पडला नाही किंवा त्रास वाढला तर लगेच रुग्णवाहिका बोलवा, स्वतः गाडी चालवत निघू नका. मधुमेहींमध्ये, वयस्कांमध्ये आणि बऱ्याच स्त्रियांमध्ये छातीत न दुखता नुसता दम किंवा विचित्र थकवाही येतो. अशा वेळी श्वासाचे प्रयोग करत बसणं घातक. पुढचे सगळे उपाय डॉक्टरांनी तपासून ‘हे अमुक दुखणं आहे’ असं सांगितलेल्या दुखण्यासाठीच आहेत. दाबल्यावर किंवा खोकल्यावर दुखतं म्हणजे ते हाडाचंच, असा निकाल घरी लावू नका.

श्वास

पाठीला आधार घेऊन बसा, एक हात पोटावर. नाकाने ४ सेकंद श्वास आत, ६ सेकंद सावकाश बाहेर. मिनिटाला ६ श्वास होतात. सुरुवातीला ५ मिनिटं, जमू लागल्यावर १०, दिवसातून दोनदा. आणि दुखत नसताना. सगळे इथेच चुकतात: कळ आल्यावरच आठवण होते, आणि सराव नसलेला श्वास घाबरलेल्या वेळी लागत नाही. चक्कर किंवा बोटांना मुंग्या आल्या तर श्वास गरजेपेक्षा खोल होतोय. वेग तोच ठेवून तो उथळ करा. ४-६ जमत नसेल तर ३-४ चालेल. श्वास रोखून धरू नका. कपालभाती, भस्त्रिका असले जोरकस प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. बीटा-ब्लॉकर (ठोके मंद करणारं औषध) चालू असेल तर नाडी मुळातच मंद असते, म्हणून उपाय लागू पडतोय का हे नाडीवरून ठरवू नका. खांदे, जबडा सैल पडले का ते बघा.

स्नायू ताणून सैल सोडण्याचा व्यायामही चांगला, पण अर्ध्या ताकदीने: ५ सेकंद ताण, २० सेकंद ढिलाई, पावलांपासून वर. ताणताना श्वास चालू हवा, नाहीतर रक्तदाब चढतो. छातीचं हाड उघडून शस्त्रक्रिया झाली असेल तर पहिले १२ आठवडे छाती आणि खांदे ताणू नका, नुसते सैल सोडा.

कामाचा वेग

बरं वाटलं की सगळी कामं उरकायची आणि मग दोन दिवस पडून राहायचं, हे चक्र दुखणं वाढवतं. तीन वेगवेगळ्या दिवशी एकच काम करून दुखणं वाढायला किती मिनिटं लागतात ते लिहा. त्या सरासरीच्या ८० टक्क्यांवर थांबा: २० मिनिटं आली तर १६ मिनिटांवर. बरं वाटत असलं तरी थांबा. घड्याळ बघून थांबायचं, दुखण्याची वाट बघून नाही. चार-पाच दिवस नीट गेले की दीड-दोन मिनिटं वाढवा. हा हिशेब स्नायू-हाडांच्या दुखण्याचा. अंजायना (हृदयाला रक्त कमी पडल्याने छातीत येणारा दाब किंवा जडपणा) असेल तर असं मोजायला जाऊ नका: किती चालायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या, आणि जडपणा आला की त्याच क्षणी थांबा.

डोक्यातले विचार

वहीत तीन रकाने आखा: काय झालं, मनात काय आलं, पुरावा काय सांगतो. उदाहरणार्थ: ‘कूस वळताना कळ आली’, ‘टाके उसवले’, ‘जखम कोरडी आहे, कालही वळतानाच आली होती, दोन मिनिटांत गेली’. तिसरा रकाना ‘सगळं छान होईल’ असल्या वाक्यांनी भरू नका. मन त्यावर विश्वास ठेवत नाही. दुखण्याला ० ते १० गुण दिवसातून दोनदाच द्या. दर अर्ध्या तासाला नाडी किंवा रक्तदाब बघणाऱ्याला धीर मिळत नाही, लक्ष मात्र छातीवर खिळून राहतं.

दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास राहिलं, कशात रस वाटेना, झोप उडाली, तर ते हृदयाच्या डॉक्टरांनाही सांगा. झटका येऊन गेलेल्यांपैकी साधारण पाचात एकाला नैराश्य येतं, आणि त्यात गोळ्या-व्यायाम सुटतात. जगणं नकोसं वाटत असेल तर त्याच दिवशी मदत घ्या. समुपदेशकाकडे जाताना विचार-वर्तन उपचारपद्धती (सीबीटी) येते का आणि हृदयरुग्णांबरोबर काम केलंय का, हे विचारा. साधारण ८ ते १२ बैठका लागतात. कुणी दुखण्यासाठी किंवा झोपेसाठी अमिट्रिप्टिलीन (नैराश्यावरची एक जुनी गोळी) लिहून दिली तर सुरू करण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा, कारण ती ठोक्यांची लय बिघडवू शकते.