वकील, मेंबर, जज्ज: ग्वाल्हेरच्या पूर्वजाचे चरित्र लिहिताना

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत असा एखादा पूर्वज निघतोच: आधी वकील, मग म्युनिसिपालिटीचा मेंबर, शेवटी जज्ज. त्याचे चरित्र लिहायचे तर आठवणी नंतर, आधी तारखांचा तक्ता. रकाने चार: कागदावरची मूळ तिथी, इसवी सन, पद, पुरावा.

चुका होतात त्या तिथीतच. संस्थानी कागदांवर विक्रम संवत, घरच्या पत्रांत शक. शकात 78 मिळवा, संवतातून 57 वजा करा. तारीख जानेवारी ते गुढीपाडवा यांमधली असेल तर 79 आणि 56. संवत 1998 चा आषाढ आणि शके 1863 चा आषाढ, दोन्ही 1941 चेच. वद्य पक्षाला फार जपा. आपली भाद्रपद वद्य पंचमी ती तिकडच्या, म्हणजे उत्तरेतल्या, पंचांगात आश्विन कृष्ण पंचमी. हे सुटले की नेमणूक महिनाभर पुढे जाते, आणि पुढचा सगळा हिशेब बिघडतो.

घरात 'जज्ज' म्हणजे मुन्सफ, खालच्या दिवाणी कोर्टाचा न्यायाधीश, हाही असू शकतो. राज्यघटनेनंतरच्या नेमणुकीत वकिलीची वर्षे मोजा: थेट जिल्हा न्यायाधीश व्हायला 7, हायकोर्टासाठी हायकोर्टातली 10. सनदेची, म्हणजे वकिलीच्या परवान्याची, तारीख म्हणूनच आधी शोधायची. निवृत्तीचे वय हायकोर्टात 60 होते, 1963 च्या घटनादुरुस्तीने 62 झाले. जन्मतारीख ताडून पाहायला हा चांगला आधार.

कोर्टाचे नावही नीट लिहा. मध्य भारत हे राज्य 28 मे 1948 ला झाले. त्याचे हायकोर्ट ग्वाल्हेरला, खंडपीठ इंदूरला. 1 नोव्हेंबर 1956 पासून मध्य प्रदेश हायकोर्ट, मुख्य पीठ जबलपूरला. '1952 साली मध्य प्रदेश हायकोर्टात' असे छापले तर सरळ चूक.

राजकारणाचे प्रकरण कृपा करून गाळू नका. नातेवाईक संकोचतात, पण त्यात लपवण्यासारखे काही नाही. के. एस. हेगडे राज्यसभेतून 1957 मध्ये म्हैसूर हायकोर्टात गेले; व्ही. आर. कृष्ण अय्यर केरळचे मंत्री होते, 1968 मध्ये हायकोर्टाचे आणि 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. पक्ष, निवडणूक, हरलेली असली तरी, आणि पद सोडल्याची तारीख लिहा. राजीनामा व नेमणूक यांतले अंतर वाचक पहिल्यांदा पाहतो. राजपत्रात तारीख मिळाली नाही तर तो रकाना कोराच ठेवा; अंदाजाने भरू नका.