रोटरी इंजिनात तेलाचा दाब पडतो, तेव्हा नागपूरच्या उन्हाला दोष देण्यापूर्वी

घरी बांधलेल्या विमानासाठी माझदाचे १३बी रोटरी इंजिन निवडणाऱ्याला नागपुरात पहिल्याच उन्हाळ्यात तेलाच्या दाबाचा काटा खाली सरकलेला दिसतो, आणि त्याने कोणालाही विचारले तरी उत्तर एकच मिळते, की मे महिना आहे, तेल पातळ होणारच. हे उत्तर अर्धे खरे आहे आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे. आमच्या इंजिनाला हिंगणा एमआयडीसीतल्या (नागपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या) शेडपासून विमान दुरुस्तीत आयुष्य घालवलेल्या माणसांपर्यंत सर्वांनी हेच निदान लावले, आणि तेल थंड करणारा कुलर, पंखा, तेलाचा ब्रँड यांच्या मागे एक अख्खा उन्हाळा गेला, तोवर खरे दुखणे फ्रंट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या झाकणाच्या, आत निवांत बसून होते. या इंजिनाची रचना (पिस्टनऐवजी फिरणारे त्रिकोणी रोटर), एक्सेंट्रिक शाफ्ट (रोटर ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) आणि रिडक्शन गिअरबॉक्स (प्रोपेलरसाठी फेरे कमी करणारा) वाचकाला ठाऊक आहेत असे धरून मी फक्त दाबाविषयी लिहितो आहे.

उन्हाचा वाटा आधी मान्य करून टाकू. या इंजिनात रोटर आतून तेलानेच थंड होतात आणि बाहेर टाकायच्या एकूण उष्णतेपैकी सुमारे एक तृतीयांश तेलाच्या वाटेने जाते, त्यामुळे येथे तेल हे वंगण आहे तसेच शीतकही आहे. डिसेंबरच्या सकाळी नागपुरात हवा १२ अंशांवर असते, तेव्हा १०० अंशांच्या तेलात आणि हवेत ८८ अंशांचा फरक मिळतो. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, हवा ४५ अंशांवर गेली की तो फरक ५५ वर येतो. म्हणजे त्याच कुलरमधून, हवेचा झोत तेवढाच ठेवूनही, जेमतेम ६२ टक्के उष्णता बाहेर पडते. शिवाय जमिनीवर बांधून ठेवलेल्या विमानात कुलरच्या डक्टला उड्डाणातला झोत मिळत नाही. तेव्हा उन्हाळ्यात तेल जास्त तापणे आणि त्यामुळे दाब काही प्रमाणात उतरणे हे नैसर्गिक आहे, त्याने घाबरून जाऊ नये.

परंतु ऊन दाबावर थेट काहीच करत नाही. ते तेलाचे तापमान वाढवते आणि तेवढेच त्याचे काम. म्हणून दाबाचा आकडा कधीही एकटा लिहू नये. तेलाचे तापमान, शाफ्टचे आरपीएम (मिनिटाला फेरे) आणि दाब हे तीन आकडे एका ओळीत लिहिण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी, आणि तुलना करताना बाहेरचे हवामान न पाहता तेलाचे तापमान पाहावे. डिसेंबरमध्ये ९० अंशांच्या तेलाला ३००० आरपीएमवर जो दाब मिळत होता तोच मे महिन्यात ९० अंशांना मिळत असेल, तर इंजिन ठीक आहे आणि प्रश्न कुलरचा आहे. तेच तापमान आणि तेच आरपीएम असताना दाब कमी झाला असेल, तर उन्हाचा त्यात काहीही हात नाही. तेल कोठेतरी वाट सोडून जात आहे. नोंदवही नसेल तर हा भेद कोणीही करू शकत नाही, मग तो कितीही अनुभवी असो. मूळ इंजिनात गरम तेलाला ३००० आरपीएमवर ७० पीएसआयच्या (दाबाचे एकक) आसपास दाब अपेक्षित असतो. आयडलला, म्हणजे इंजिन नुसतेच मंद चालू असताना, तो २० च्या घरात उतरलेला दिसला म्हणून लगेच झोप उडवून घेऊ नये, पण उड्डाणाच्या आरपीएमला, म्हणजे ५००० ते ६००० ला, तो ५० च्या खाली राहत असेल तर त्या विमानात कोणी बसता कामा नये.

आता गेज. नागपूरजवळच्या वाडीच्या ज्या काकांकडे मी ट्रकची इंजिने उघडायला शिकलो ते नेहमी म्हणत, "गेज कोनाचं हाय ते आधी पाय, मंग इंजिनाले शिव्या दे." हे ऐकणारे पुष्कळ असतात, करणारे थोडे. त्यात आणखी एक गैरसमज रूढ आहे, की अर्थिंग खराब असले तर काटा खाली येतो. सेंडर म्हणजे इंजिनावर बसून गेजला विजेने दाब कळवणारा भाग. व्हीडीओ कंपनीच्या पद्धतीच्या सेंडरचा रोध शून्य दाबाला सुमारे १० ओम असतो आणि दाबाबरोबर वाढत १८० ओमपर्यंत जातो. त्यामुळे आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून अर्थिंग बिघडवले, तर रोध वाढतो आणि गेज खऱ्यापेक्षा जास्त दाब दाखवतो. म्हणजे अशा सेंडरवर दाब कमी दिसत असताना अर्थिंगला दोष देऊन मोकळे होणे हे उलट्या दिशेचे निदान आहे, कारण खरा दाब दिसतो त्याहूनही कमी असण्याची शक्यता असते. तार कोठे बॉडीला घासून शॉर्ट झाली असेल तर मात्र काटा शून्यावर जातो. यावर खात्रीचा उपाय एकच: सेंडरच्या जागी टी (तीन तोंडांचा जोड) बसवून साधे मेकॅनिकल गेज जोडावे. जपानी इंजिनातल्या छिद्राचे आटे बीएसपीटी (ब्रिटिश मापाचे) असतात आणि अमेरिकेहून मागवलेले फिटिंग एनपीटी (अमेरिकी मापाचे) असते. या आकारात एका इंचात एकाचे २८ आणि दुसऱ्याचे २७ आटे. दोन फेरे सहज जातात आणि मग छिद्र कायमचे खराब होते. आपल्याकडच्या हायड्रॉलिक होजच्या दुकानांत बीएसपीचे फिटिंग सहज मिळते, ते घ्यावे. गेजची नळी नायलॉनची असू नये आणि गरम तेलाची कोणतीही नळी कॉकपिटमध्ये आणू नये.

गेज खरे बोलत आहे हे ठरल्यावर काट्याची चाल पाहावी. विमानाचे नाक वर-खाली केल्यावर काटा डोलत असेल तर पिकअपमध्ये, म्हणजे पॅनमधून (तळाच्या तेलाच्या भांड्यातून) तेल ओढणाऱ्या नळीत, हवा शिरते आहे. ट्रॅक्टर मांडणीत, म्हणजे प्रोपेलर विमानाच्या नाकावर असताना, मोटारीतल्या इंजिनाचे मागचे टोक प्रोपेलरकडे येते, म्हणून चढताना तेल फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिट यांमधल्या भिंतीच्या) बाजूला जमते. काउलिंगमध्ये (इंजिनाच्या बाहेरच्या आवरणात) मावावा म्हणून पॅन उथळ केला असेल तर हा प्रकार हमखास होतो. डिपस्टिकवर पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला तर मिश्रण फार श्रीमंत (पेट्रोल जास्त) आहे आणि तेलात पेट्रोल मिसळले आहे; तेल बदलून इंधनाचे गणित सुधारावे. गिअरबॉक्सला इंजिनाचेच तेल जात असेल तर त्या नळीतला बारीक जेट (तेल मोजके सोडणारे छिद्र) जागेवर आहे का ते बघावे. आणि इंजिन पूर्वी शर्यतीच्या गाडीत होते असे कळले, तर एक्सेंट्रिक शाफ्टमधल्या रोटर जेटचे बॉल-स्प्रिंग काढून टाकलेले असण्याची शक्यता धरावी. तसे असेल तर आयडलचा दाब कमीच राहतो आणि तो बिघाड नसतो.

यातले काहीच लागू होत नसेल, तर ज्या सापळ्यासाठी मी हे लिहायला बसलो तो समोर येतो. पंपातून निघालेले तेल फ्रंट हाउसिंगमधून फ्रंट कव्हरमध्ये ओलांडून जाते आणि तेथून कुलरकडे निघते. या ओलांडणीच्या जागी एक ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारे रबरी कडे, असते. ती दबून राहणे हे तिच्याभोवतीच्या कागदी पॅकिंगच्या जाडीवर अवलंबून असते. पॅकिंग जाड आले, त्यावर कोणी सिलिकॉन फासले, किंवा ओ-रिंगच कडक झाली, की तेल तेथून सुटते. सुटते कोठे, तर कव्हरच्या आतल्या आत आणि थेट पॅनमध्ये. बाहेर एक थेंबही दिसत नाही, पातळी उतरत नाही, धूर येत नाही. शेडच्या फरशीवर पुठ्ठा अंथरून गळती शोधणाऱ्याला पुठ्ठा रोज कोरडा सापडतो.

थंड इंजिनात घट्ट तेल त्या फटीतून फारसे जात नाही, त्यामुळे सकाळी दाब उत्तम दिसतो. तेल तापून पातळ झाले की गळती वाढते, पण उच्च आरपीएमला पंप गरजेपेक्षा जास्त तेल देत असतो आणि रेग्युलेटर (दाब मर्यादेत ठेवणारा व्हॉल्व्ह) एरवीही जादा तेल परत सोडतच असतो. गळती त्या जाद्या तेलातून भागते आणि काटा जागेवर राहतो. आयडलला पंपाकडे जादा काही नसते, म्हणून दाब प्रथम तेथे पडतो. फट मोठी होत गेली की मग एके दिवशी उच्च आरपीएमलाही पडतो. म्हणजे सुरुवातीची सगळी लक्षणे हुबेहूब उन्हाची असतात: सकाळी बरे, दुपारी वाईट, जानेवारीत बरे, मे महिन्यात वाईट. फरक फक्त नोंदवहीत दिसतो, जेव्हा त्याच ९० अंशांना आयडलचा दाब महिन्यागणिक उतरताना सापडतो.

इंजिन न उतरवता हे तपासता येते, आणि ते कोणी सांगत नाही याचा मला अजून राग आहे. प्रथम एक मेकॅनिकल गेज कुलरच्या आधी आणि एक फिल्टरच्या नंतर लावावे. कुलरच्या आधीचा दाब चांगला आणि फिल्टरच्या नंतरचा कमी असेल तर कुलर, होज किंवा फिल्टर तुंबले आहे. दोन्ही सारखेच कमी असतील तर पंप, रेग्युलेटर, बेअरिंग किंवा हीच ओ-रिंग. फिल्टर कापून कागद पसरून पाहावा. आरीने कापू नये, आरीचा कीस बेअरिंगचा समजून नाहक हाय खाल्ली जाते. तांब्याच्या रंगाची चमक दिसली तर बेअरिंग गेले. काही दिसले नाही, आणि इंजिन माउंट पॅनच्या आड येत नसेल, तर पॅन काढून, कुलरकडे जाणारा होज सोडवून त्या तोंडातून हातपंपाने पातळ तेल सुमारे ३० पीएसआयने भरावे. या भागातून बेअरिंगकडे वाट नाही. पंपातून उलटे थोडे झिरपेल, ते चालते. कव्हरच्या मागून धार लागली तर गुन्हेगार सापडला.

येथवर आल्यावर लोक आडवाटा सुचवतात. पहिली म्हणजे रेग्युलेटरच्या स्प्रिंगखाली वॉशर घालणे. दाब ठरावीक मर्यादेला पोहोचल्यावरच रेग्युलेटर उघडतो. २० पीएसआयला तो बंदच असतो, मग त्याची स्प्रिंग कितीही ताठ केली तरी आयडलचा दाब कसा वाढेल? दुसरी म्हणजे २०डब्ल्यू-५० हून घट्ट तेल ओतणे. काटा वर येतो, मन शांत होते, आणि रोटरकडे जाणारे तेल कमी होऊन ते आतून भाजत राहतात. ज्या गुरूचा पहिला सल्ला तेल बदलण्याचा असतो, त्याच्याकडून वेल्डिंग शिकावे, बिघाडाचे निदान शिकू नये.

या आडवाटा लोकप्रिय होण्याचे कारण मला समजते. ट्रॅक्टर मांडणीत फ्रंट कव्हर फायरवॉलकडे तोंड करून असते, म्हणून ते उघडायचे तर बहुधा अख्खे इंजिन माउंटवरून उतरवावे लागते. ते उतरवाच. इंजिनाचा पुढचा भाग वर येईल असे ते स्टँडवर उभे करावे आणि मगच पुलीचा मोठा बोल्ट सैल करावा. आडव्या इंजिनात तो सैल केला की आतला स्पेसर सरकून थ्रस्टच्या सुई-बेअरिंगमध्ये अडकू शकतो आणि पुन्हा आवळताना ते बेअरिंग चिरडले जाते. कव्हर निघाल्यावर पंपाची झीज त्याच बैठकीत मोजून घ्यावी. ओ-रिंग मूळ कंपनीची किंवा किमान व्हायटनची (उष्णता सोसणाऱ्या रबराची) घ्यावी, सुट्या डब्यातली दिसायला सारखी रिंग नको. खाचेची खोली अधिक दाबलेल्या पॅकिंगची जाडी यांची बेरीज रिंगच्या जाडीशी ताडून २० ते ३० टक्के दबाव मिळतो आहे हे मोजून पाहावे. त्या जागी सिलिकॉन बोटभरही लावू नये. बोल्ट आवळल्यावर डायल गेजने शाफ्टचा एंड प्ले (लांबीच्या दिशेने पुढे-मागे सरकण्याची मोकळीक) तपासावा, तो ०.०४ ते ०.०७ मिलिमीटरमध्ये यायला हवा. तो त्याहून कमी आला किंवा शाफ्ट जड फिरू लागला तर सुई-बेअरिंग अडकले आहे असे समजून पुन्हा उघडावे.

या कामात महिने जातात आणि ते जाऊ द्यावेत. मुंबईत गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादव यांचे विमान २०१६ च्या मेक इन इंडिया सप्ताहात लोकांनी पाहिले आणि त्याची नोंदणी २०१७ मध्ये झाली. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) कागदांना लागणारा वेळ इंजिनाला द्यायला हरकत नसते. जोडणी झाल्यावर स्पार्क प्लग काढून, इंधन बंद ठेवून, गेजवर दाब दिसेपर्यंत स्टार्टरने इंजिन फिरवावे. त्यानंतर चाकांना अडसर लावून, शेपूट बांधून इंजिन चालू करावे, तेल ९० अंशांवर येऊ द्यावे आणि आयडल, ३००० व ५००० आरपीएमचे दाब जुन्या नोंदींच्या शेजारच्या रकान्यात लिहावेत.