हरकत घ्यायची तर सर्व्हे नंबर घालून घ्या

माझी नोकरी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक, म्हणजे जमिनी मोजणारी, म्हणून झाली. जुन्या प्लेन टेबलपासून ईटीएस या इलेक्ट्रॉनिक यंत्रापर्यंत सगळ्यावर मोजण्या केल्या. निवृत्त झाल्यावर ‘नकाशा कळणारी बाई’ म्हणून सोसायटीने मला पुढे केलं, तेव्हापासून महापालिकेत माझं जाणं-येणं आहे. शहराच्या कारभारात आपण नेमकं कुठून शिरायचं, असं बरेच जण विचारतात. माझी उदाहरणं पुण्याची आहेत, पण कायदे राज्याचे. मुंबईचा महापालिका कायदा तेवढा वेगळा, 1888 चा. नगररचनेचा कायदा मात्र तिथेही तोच.

सुरुवात अंदाजपत्रकापासून करा, कारण यात ओळख लागत नाही. लोक मार्चमध्ये निवेदन घेऊन जातात, तोवर आकडे ठरलेले असतात. पुणे महापालिका 2006 पासून नागरिकांकडून पुढच्या वर्षासाठी कामं सुचवून घेते, आणि हे अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघतात. एका कामाला 5 लाखांची मर्यादा राहिली आहे. म्हणजे उड्डाणपूल मागू नका; पदपथ, दिवे, बाक, बसथांबा एवढंच मागा.

अर्जात ‘आमच्या भागातले पदपथ दुरुस्त करावेत’ असं लिहिलं की तो अर्ज तिथेच संपला. कनिष्ठ अभियंत्याला त्यावरून पूर्वगणनपत्रक, म्हणजे खर्चाचा अंदाज, करता येत नाही. कोणता रस्ता, कोणत्या फाटकापासून कोणत्या कोपऱ्यापर्यंत, कोणत्या बाजूला, लांबी किती, हे लिहा. लांबी पावलांनी मोजलीत तरी चालेल. आम्हीसुद्धा साखळी टाकण्याआधी पावलं टाकून अंदाज घेत असू. रस्त्याची रुंदीही पाहा. पुण्यात 12 मीटरपेक्षा अरुंद रस्ते क्षेत्रीय कार्यालयाकडे (वॉर्ड ऑफिसकडे) आणि मोठे पथ विभागाकडे असतात. चुकीच्या टेबलावर गेलेला कागद योग्य टेबलावर पोहोचेपर्यंत वर्ष सरतं.

अर्ज दिल्यावर पोच घ्या. पोच म्हणजे शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक, तिन्ही. ‘ठेवून जा, बघतो’ असं कुणी म्हणालं तर गोड हसून उभं राहायचं. एका कार्यालयात मला शिक्का सापडत नाही म्हणून सांगितलं. मी बाकावर बसून स्वेटर विणायला घेतला, तेव्हा सापडला.

काम अंदाजपत्रकाच्या पुस्तकात आलं म्हणजे झालं असं नाही. वर्षाच्या मध्यात ‘वर्गीकरण’ होतं, म्हणजे तुमच्या कामाचा निधी दुसऱ्या कामाकडे वळतो. त्यासाठी फाइल बघायला जात राहा. सरकारने 2018 मध्ये आदेश काढून दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख पाहण्यासाठी ठेवले आहेत. तेवढ्याने भागलं नाही तर 10 रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा. प्रश्न मात्र ‘का’ असा विचारू नका. कारणं द्यायला ते बांधील नसतात. फाइलवर अधिकाऱ्यांनी लिहिलेल्या टिपणीची प्रत मागा, त्यात कारण आपोआप मिळतं.

आता समित्या. प्रभाग समितीत नगरसेवकांखेरीज जास्तीत जास्त तीन सदस्य सामाजिक संस्थांमधून घेता येतात, ही तरतूद महापालिका अधिनियमाच्या कलम 29अ मध्ये आहे. सदस्य त्या भागाचा मतदार असावा लागतो आणि निवड नगरसेवक करतात. आपलीच माणसं बसवण्याची रीत आहे हे मी लपवत नाही. तरी अर्ज करा: संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, केलेल्या कामाचा एक पानाचा तपशील, मतदार यादीतलं पान. प्रत्येक नगरसेवकाला वेगळी प्रत, क्षेत्रीय अधिकाऱ्याला एक. पुण्यात मार्च 2022 पासून जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकच होता, त्यामुळे कित्येक नव्या नगरसेवकांना ही जागा आहे हेच ठाऊक नसतं. तुम्ही सांगितलंत तर निदान नाकारताना त्यांना विचार करावा लागेल. जागा मिळाली नाही तर क्षेत्रीय कार्यालयातल्या मोहल्ला कमिटीला, म्हणजे नागरिक आणि अधिकाऱ्यांच्या बैठकीला, जात राहा. तिथे बोलण्याआधी मागच्या बैठकीचं इतिवृत्त मागायची सवय ठेवा.

झाडं तोडण्याच्या परवानग्या पाहणाऱ्या वृक्ष प्राधिकरणावरही बिगरसरकारी सदस्य असतात. फेरीवाल्यांच्या 2014 च्या कायद्याने केलेल्या नगर पथविक्रेता समितीत 40 टक्के जागा खुद्द विक्रेत्यांच्या असतात. झाडाच्या बाबतीत समितीत नसलात तरी हरकत घेता येते, पण मुदत अवघी 7 दिवसांची. बुंध्यावर चिकटवलेल्या नोटिशीचा फोटो त्याच दिवशी काढा, झाडाची जात आणि बुंध्याचा घेर लिहा आणि झाड वाचवून काम कसं होईल ते सांगा. नुसता ‘झाडे लावा, झाडे जगवा’ हा मजकूर पाठवला तर त्यावर निर्णय काय द्यायचा?

खरी मेहनत घ्यायची ती विकास आराखड्यावर, म्हणजे शहरात कुठे रस्ता, कुठे बाग, कुठे शाळा हे ठरवणाऱ्या नकाशावर. 1966 च्या नगररचना अधिनियमाप्रमाणे प्रारूप (कच्चा) आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांना 30 दिवस मिळतात. सुनावणी नियोजन समिती घेते: स्थायी समितीचे तीन सदस्य आणि सरकारने नेमलेले चारपर्यंत तज्ज्ञ. पुण्याच्या जुन्या हद्दीचा प्रारूप आराखडा 2013 मध्ये आला तेव्हा सुमारे 87 हजार हरकती गेल्या. मुंबईचा 2015 चा प्रारूप आराखडा तर इतक्या चुकांचा निघाला की ओरड होऊन तो काही आठवड्यांतच मागे घ्यावा लागला. म्हणजे हरकतींना वजन असतं. पण हजारोंच्या ढिगात तुमची हरकत वाचली जावी असं वाटत असेल तर पहिल्या ओळीत नकाशाचा शीट क्रमांक, सर्व्हे नंबर आणि हिस्सा, किंवा सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर, आणि आरक्षणाचा, म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जागेचा, क्रमांक घाला. मग आज तिथे काय आहे, तुम्हाला काय हवं आणि पुरावा काय. सोबत सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि आराखड्यातला त्या जागेचा भाग नकाशा जोडा. एका अर्जात एकच विषय. छापील मजकुरावर सह्या गोळा केलेले शंभर अर्ज सुनावणीला एकत्रच घेतले जातात. त्यापेक्षा पाच घरांनी आपापल्या शब्दांत लिहिलेले पाच अर्ज मला जास्त उपयोगी वाटतात.

सुनावणीत वेळ मिनिटांत मिळतो. नकाशा रंगवून मोठ्या कागदावर न्या, आधी नंबर सांगा, मग मागणी. आराखड्याचा इतिहास सांगत बसू नका, समोरच्यांना तो पाठ असतो.

यात एक गोष्ट कुणीच करत नाही. बागेचं आरक्षण काढा, असं जागेचा मालक वकिलाकरवी लिहितो. बाग राहू द्या, असं मात्र शेजारची चारशे कुटुंबं लिहीत नाहीत, कारण त्यांना वाटतं ती तर नकाशावर आहेच. मग समितीपुढच्या फाइलमध्ये एकच बाजू असते. आरक्षण पटत असेल तर तसं लेखी कळवा. ‘सूचना’ हा शब्द त्यासाठीच आहे.

आराखडा मंजूर झाल्यावरही लक्ष हवं. नगररचना अधिनियमाच्या कलम 37 खालच्या फेरबदलाची सूचना वर्तमानपत्रात बारीक टाइपात येते आणि हरकतीला महिनाभर मिळतो. कलम 127 त्याहून बारकाईने पाहा: 10 वर्षांत आरक्षित जागा ताब्यात आली नाही तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि पुढच्या 24 महिन्यांत संपादनाचं पाऊल पडलं नाही तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप सुटतं. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा 2017 मध्ये मंजूर झाला, म्हणजे ही 10 वर्षं 2027 मध्ये भरतात. आपल्या प्रभागातल्या शाळा, बागा, दवाखाने यांच्या आरक्षणांची यादी आताच काढून ठेवा आणि दर सहा महिन्यांनी माहिती अधिकारात एवढंच विचारा: या क्रमांकांपैकी कोणत्यांवर कलम 127 ची नोटीस आली, कोणत्या तारखेला, आणि त्यावर काय कार्यवाही झाली.