सांधे भरण्याआधी

मुंबईत पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात धरतो, म्हणून सोसायटीच्या गेटपासून पार्किंगपर्यंतच्या काँक्रीटच्या रस्त्याचे सांधे, म्हणजे दोन स्लॅबमधल्या फटी, मे संपायच्या आत हातावेगळे करा. आधी टेप आणि खडू घेऊन एक फेरी मारा. प्रत्येक सांध्याची रुंदी-खोली वहीत लिहा. कडा फुटली असेल तिथे खूण करा, कारण ती आधी बांधून वाळवावी लागते. गाडी गेल्यावर स्लॅब डुगडुगत असेल, तर खालची माती वाहून गेली आहे. तिथे नुसता सांधा भरून पैसे वाया जातील.

गवंड्याला पहिल्याच दिवशी बजावा की सांध्यात सिमेंट-वाळूचा माल घालायचा नाही. आमच्या आवारात एकदा तसा भरला आणि पुढच्या उन्हाळ्यात तो उखडला, सोबत चांगली कडही घेऊन गेला. दहा मीटरचा स्लॅब तापमान ३० अंशांनी बदललं की साधारण ३ मिलिमीटर हलतो. सांधा आहेच मुळी त्या हालचालीसाठी.

सामानात दोन भाग मिसळून वापरायचं पॉलिसल्फाइड सीलंट (फट भरायचा रबरासारखा लवचिक माल), त्याच कंपनीचा प्रायमर (सीलंटआधी कडांना लावायचा थर) आणि बॅकर रॉड (सीलंटच्या खाली फटीत दाबायची फोमची गोल दोरी) हवी. रॉड सांध्यापेक्षा पाव पट जाड घ्या, म्हणजे २० मिलिमीटरच्या फटीला २५ची. ती दाबून बसते आणि सीलंटला तळाशी चिकटू देत नाही. सीलंट फक्त दोन्ही कडांना धरलं पाहिजे, तळालाही चिकटलं तर ताण बसून फाटतं. त्याची जाडी रुंदीच्या निम्मी पुरते. मास्किंग टेप, छिन्नी, तारेचा ब्रश, ब्लोअर आणि पुट्टीची पट्टीही लागेल.

सर्वांत जास्त वेळ सफाईला ठेवा. जुनं डांबर पूर्ण खरवडून काढा, त्यावर नवं धरत नाही. सांधा आतपर्यंत कोरडा हवा, म्हणून दोन दिवस आधीपासून आवारात गाड्या धुणं बंद ठेवायची सूचना लिफ्टजवळ लावा आणि वॉचमनलाही सांगा. भरायचं काम सकाळी घ्या. भर दुपारी स्लॅब फुगून फट अरुंद झालेली असते, तेव्हा भरलेलं थंडीत ताणलं जातं.

गाड्या कुठे उभ्या करायच्या ते आधीच ठरवा. सीलंटच्या डब्यावर लिहिलेले वाळायचे दिवस पूर्ण होईपर्यंत सांध्याच्या दोन्ही बाजूंना विटा मांडून ठेवा.