दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही

नॉर्वेतल्या फ्लेक्केला पोचले त्या संध्याकाळी खोलीतल्या नॉर्वेजियन मुलीने डबा उघडून माझ्यापुढे धरला. आत वाफल्स होते, त्यावर तपकिरी चीजचे पातळ काप. मला सपाटून भूक लागली होती. मी म्हटलं, "नको नको, असू दे." तिने डबा बंद केला आणि पुढच्या मुलीकडे वळली. संपला विषय.

आमच्या कराडला हे बोलणं निदान तीन फेऱ्या चालतं. दुसऱ्या 'नको'ला आपला आवाज जरा बारीक होतो, तिसऱ्याला ताटात पडलेलं असतं. मी त्या दुसऱ्या फेरीची वाट बघत रात्री अकरापर्यंत बसले, मग बॅगेतला चिवडा अंधारात, आवाज न करता खाल्ला. चिवडा आवाज न करता खाता येत नाही, हेही तेव्हाच कळलं.

देशोदेशीची मुलं एकत्र राहून शिकतात अशा शाळेत तू चाललायस किंवा चाललीयस, म्हणून हे लिहितेय. माझी शाळा युनायटेड वर्ल्ड कॉलेजांपैकी एक. पहिलं 1962 मध्ये कुर्ट हान या शिक्षणतज्ज्ञाच्या कल्पनेतून वेल्समध्ये सुरू झालं, फ्लेक्केचं 1995 मध्ये, आणि आपल्या मुळशीत पौडजवळचं 1997 मध्ये. आमच्याकडे 200च्या आसपास मुलं, 80हून जास्त देशांची. राहायच्या घरांना डेन्मार्क, फिनलंड, आइसलँड, नॉर्वे, स्वीडन अशी नावं. मी फोनवर "आइसलँडमध्ये राहते" म्हणाले आणि आजीने गल्लीभर सांगितलं की पोरगी आता दुसऱ्याच देशात गेली. ते निस्तरायला दिवाळी उजाडली.

आधी बॅग भरू. नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही, त्यांचे कस्टमचे नियम वेगळे आहेत. भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, खव्याचं काहीही बाद. बटाटेही चालत नाहीत. आईने भरलेली तुपाची बरणी मी गुपचूप फडताळात परत ठेवली. मेतकूट, गोडा मसाला, लसणाची चटणी, पोहे खुशाल ने. आपली तीन पिनांची प्लग तिथल्या भिंतीत बसत नाही, दोन गोल पिनांची बसते, तेव्हा एक अडॅप्टर आणि एक आपलाच एक्स्टेंशन बोर्ड पुरे. कपड्यांचं म्हणशील तर इथून सुती थर्मलची चळत नेऊ नकोस. फ्लेक्के पश्चिम किनाऱ्याजवळ, फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या चिंचोळ्या खाडीच्या काठी आहे, थंडीपेक्षा पाऊस जास्त छळतो, आणि सुती कापड एकदा भिजलं की अंगावर गारठा धरून ठेवतं. अंगालगत लोकरीचं हवं. एक जोडी तिथे जाऊनच घे. छत्री नको, वाऱ्याने उलटी होते. रेनकोट आणि रेनपँट. आणि एक धड पारंपरिक कपडा ने. 17 मे हा त्यांच्या 1814च्या राज्यघटनेचा दिवस, सगळे बुनाड, म्हणजे त्यांचा पारंपरिक पोशाख, घालून मिरवणुकीत चालतात. मी नऊवारी नेसले होते, आत लोकरीची पँट.

आता खोली. आम्ही पाचजणी होतो: नॉर्वे, बोलिव्हिया, एस्वातिनी (आफ्रिकेच्या दक्षिणेतला छोटा देश), जपान आणि मी. पहिल्याच आठवड्यात बसून नियम ठरवा. दिवा किती वाजता बंद, गजर कितींदा वाजलेला चालेल, खिडकी उघडी की मिटलेली, माझा टॉवेल तू घेतलास तर मला चालेल का, खोलीत प्रार्थना करायची असेल तर इतरांनी काय करायचं. हे लिहून भिंतीला चिकटवायचं. मला ते फार कोरडं वाटलं होतं. आपल्या घरात कुणी असं लिहितं का? समजून घेतात. पण समजून घ्यायला आधी घर एक असावं लागतं. बोलिव्हियाची पहाटे पाचला उठून अभ्यास करायची. मला जाग यायची आणि मी काही न बोलता कूस बदलायची, जरा मोठ्याने. घरी एवढ्यावर आईला कळलं असतं. तिला सहा आठवडे कळलं नाही. शेवटी मी चिडून बोलले तेव्हा ती रडवेली झाली, "मग पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंस?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ती डे रूममध्ये, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या बैठकीच्या खोलीत, बसू लागली.

उलट बाजूही ऐक, कारण ती मला जास्त उशिरा कळली. घरून शेंगदाण्याचे लाडू आले तेव्हा मी आपल्या पद्धतीने आग्रह केला. एस्वातिनीची नको म्हणाली. मी पुन्हा धरला. पुन्हा नको. तिसऱ्यांदा मी तो तिच्या बशीत ठेवला आणि हसले. तिने तो उचलून परत डब्यात ठेवला आणि शांतपणे विचारलं, "मी नाही म्हणाले ते तुला ऐकू आलं ना?" मला कानशिलं तापल्यासारखं झालं. जपानची मात्र तीन लाडू निमूट खाऊन बसली होती. नंतर कळलं की तिला पहिलाच नको होता. तेव्हा नियम असा: एकदा विचारायचं, उत्तर आलं की ते खरं धरायचं. आणि शेंगदाण्याचं काहीही खोलीत उघडण्याआधी कुणाला ॲलर्जी आहे का ते विचारायचंच. ते आग्रहाच्याही पलीकडचं आहे, जिवावर बेततं.

आपल्या मान हलवण्याचंही बघ. आपण 'बरं', 'कळलं', 'बघू' आणि 'बोल पुढे' या चारही गोष्टी एकाच हालचालीत सांगतो. तिथे ती 'नाही' अशी वाचली जाते. तोंडाने बोल.

वर्गात हेच सगळं पुन्हा होतं, फक्त इंग्रजीत. तिथे शिक्षकांना नावाने हाक मारतात. मला पन्नाशीच्या गणिताच्या सरांना नुसतं नावाने बोलावणं जमेना, 'सर' म्हटलं की ते हसायचे. महिनाभर मी त्यांना काहीच म्हटलं नाही. समोर जाऊन उभी राहायची आणि घसा खाकरायची. दहावीला मला 95 टक्के होते. आयबीच्या, म्हणजे तिथल्या दोन वर्षांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या, पहिल्या चाचणीत गणितात सातपैकी तीन आले. आयबीत सहा विषय, त्यातले तीन वरच्या पातळीचे, प्रत्येकाला सातपर्यंत गुण, शिवाय 4000 शब्दांपर्यंतचा एक निबंध. पाठांतरावर ते निघत नाही. तास संपताना "काही शंका?" असं विचारतात तेव्हा आपल्याला वाटतं, हा तास संपल्याचा इशारा आहे. तो खरा प्रश्न असतो. मी तिसऱ्या महिन्यात पहिल्यांदा हात वर केला, तोही अर्धा. सरांनी जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं बसून समजावलं आणि जाताना म्हणाले, इतके दिवस त्यांना वाटत होतं की मला सगळं येतंय आणि कंटाळा आलाय!

एक हळहळ सांगते. आयबीत मातृभाषेचं साहित्य, वर्गात शिक्षक नसतानाही, स्वतः वाचून विषय म्हणून घेण्याची सोय आहे. मराठी हवं असेल तर जायच्या आधीच शाळेला लिहून विचार, कारण भाषेप्रमाणे आधी मंजुरी लागू शकते. मी विचारलंच नाही. कोण देणार मराठी, असं घरबसल्या ठरवून टाकलं.

भारतीय मुलांमध्ये तू आपोआप मिसळशील असं समजू नकोस. मी होते तेव्हा भारतातले आम्ही मोजकेच होतो आणि बाकीच्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा पुष्कळ सफाईदार. माझं हिंदी ऐकून ते प्रेमाने हसायचे, पण हसायचेच. मला एस्वातिनीची जवळची वाटली, कारण तिच्याही घरी आजीच्या शब्दापुढे कुणी जात नव्हतं. परदेशात आपला माणूस कोण हे पासपोर्टवरून कळत नाही, आणि त्यात वाईट वाटून घ्यायचंही कारण नाही.

'तुमच्याकडे' ने सुरू होणारे प्रश्न रोज येतील. जातीबद्दल, लग्नांबद्दल, गाईंबद्दल. सुरुवातीला मी 140 कोटी लोकांच्या वतीने उत्तरं द्यायचे आणि रात्री थकून जायचे. नंतर "मला आमच्या गल्लीपुरतं माहीत आहे, ते सांगते" असं म्हणू लागले. गल्लीतल्या गोष्टी लोक जास्त लक्ष देऊन ऐकतात. ज्यांच्या देशांचं एकमेकांशी युद्ध चालू आहे अशी मुलं एकाच टेबलावर जेवत असतात, तिथे उगाच मध्यस्थी करायला जाऊ नकोस. "तुझ्या घरचे कसे आहेत?" एवढं विचार आणि बस शेजारी.

नोव्हेंबर-डिसेंबरची तयारी ठेव. डिसेंबरात सूर्य दहाच्या सुमाराला उगवतो आणि साडेतीनच्या आसपास मावळतो. डोंगरांमुळे पुष्कळ दिवस तो दिसतही नाही. मला वाटलं होतं मी आळशी झालेय. ढग असले तरी दुपारच्या उजेडात अर्धा तास बाहेर चालून ये. नॉर्वेचे लोक नावात 'आर' असलेल्या महिन्यांत, म्हणजे सप्टेंबर ते एप्रिल, कॉड माशाच्या यकृताचं तेल घेतात. तुला चालत नसेल तर ड जीवनसत्त्वाबद्दल तिथल्या नर्सला विचार.

घरच्या फोनची वेळही ठरवून घे. हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून साडेतीन, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा साडेचार. रात्री नऊला तुला रडू येतं तेव्हा हिवाळ्यात घरी दीड वाजलेला असतो. मी दुपारी चारला फोन करायचे, आईची मालिका सुरू असायची, म्हणून बोलणं आपोआप आटोपशीर व्हायचं. रात्रीचं रडू खोलीतल्या मुलींच्या वाट्याला. "मला आज बरं वाटत नाहीये, जरा बसशील का?" हे वाक्य जाण्याआधी इंग्रजीत पाठ करून ठेव. मी विनोद करत नाहीये, आयत्या वेळी सुचत नाही.

दोन गोष्टी मात्र घरच्यासारख्याच निघाल्या. नॉर्वेतही घरात शिरताना चपला-बूट दाराशीच काढतात. आणि जेवण झाल्यावर रांधणाऱ्याला 'टाक फॉर मातेन' म्हणतात, जेवणाबद्दल आभार. हे पहिल्या दिवसापासून म्हण. कँटीनमध्ये पोळी नसते, पण हे म्हटलं की घास जरा खाली उतरतो.

घराच्या स्वयंपाकघरात फोडणी करायची तर आधी पंखा लाव, तेल कमी तापव, झाकण हातात ठेव, आणि मिरची शेवटी घाल. धुराचा अलार्म वाजला तर सगळ्या घराला बर्फात उभं राहावं लागतं, पायात मोजे असोत नसोत.

फ्लेक्केलाच जाणार असशील तर आमच्या घरात, सिंकखालच्या कपाटात मागच्या बाजूला, माझा तीन लिटरचा कुकर ठेवून आलेय. कुठलं घर ते वर आलंय. रिंग सैल झाली आहे, नवी घेऊन जा, मला तिथे कुठे मिळाली नाही.