'गॉडफादर' घरी बघायचाय? मग आधी टीव्हीची सेटिंग बदला

१९७२ चा 'द गॉडफादर' बरेच जण घरी बघतात आणि म्हणतात, काय अंधार आहे राव, काही दिसतच नाही, आणि मग ब्राइटनेस वाढवून मोकळे होतात. कृपा करून हे करू नका. कॅमेरामन गॉर्डन विलिसने तो अंधार ठरवून ठेवलाय, लाइट वरून मारलाय त्यामुळे डॉन, म्हणजे माफिया टोळीचा म्होरक्या, झालेल्या मार्लन ब्रँडोचे डोळे सावलीत जातात, आणि डॉनच्या मनात काय चाललंय ते समोरच्याला कळत नाही. सगळी मजा त्यातच आहे.

तर खोलीतले दिवे बंद करा, पडदे ओढा, रात्री बघितला तर उत्तमच. टीव्हीवर पिक्चर मोडमध्ये जाऊन व्हिव्हिड, डायनॅमिक वगैरे असेल ते काढा आणि सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड लावा. रंग जरा पिवळट वाटतील, वाटू देत, पाच मिनिटांत डोळ्यांना सवय होते. मोशन स्मूदिंग, म्हणजे टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः बनवून हालचाल मऊ करतो ते, बंद म्हणजे बंदच (प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते, मेनूत 'मोशन' शोधा), नाहीतर एवढा भारी पिक्चर डेली सोपसारखा गुळगुळीत दिसतो. नॉइज रिडक्शन पण बंद करा, कारण ते जे बारीक दाणे दिसतात ती खराबी नाही, तो फिल्मचा पोत आहे.

सेटिंग जमली का हे बघायला पहिलाच सीन पुरतो. काळ्याकुट्ट पडद्यावर डॉनकडे मदत मागायला आलेल्या बोनासेराचा फक्त चेहरा, तो बोलतोय आणि फ्रेम हळूऽऽहळू मागे सरकत जाते, शेवटी डॉनची पाठ आणि हात दिसतो. इथे मागचा काळा रंग राखाडी दिसत असेल तर ब्राइटनेस जास्त आहे, आणि पुढे डॉनचा काळा कोट मागच्या अंधारात पार विरघळून जात असेल तर एखादा पॉइंट वाढवा. मग लगेच बाहेर लग्नाचं लख्ख ऊन येतं, तिथे पांढरे कपडे डोळ्यांवर येत नसतील तर झालं काम, रिमोट बाजूला ठेवा.

कॉपी कुठली घ्यायची? मूळ निगेटिव्ह खूप झिजली होती, म्हणून जुने पिक्चर दुरुस्त करणाऱ्या रॉबर्ट हॅरिसच्या देखरेखीखाली तिचं रिस्टोरेशन झालं आणि ते २००८ मध्ये आलं, नंतर पन्नास वर्षं झाली तेव्हा २०२२ मध्ये ४के आवृत्ती आली. शक्य असेल तर ही ४के डिस्कच घ्या. स्ट्रीमिंगवर नेट स्लो असलं की अंधाऱ्या सीनमध्ये चौकोन चौकोन दिसायला लागतात आणि या पिक्चरमध्ये अंधारच जास्त, त्यामुळे तिकडे बघणार असाल तर क्वालिटी हाय वर लॉक करा. २००१ ची जुनी डीव्हीडी शेवटचा पर्याय.

आवाज: ४के डिस्कवर मूळ मोनो (एकाच चॅनेलचा) ट्रॅक पण आहे, साध्या टीव्ही स्पीकरवर मला तोच आवडतो, संवाद स्वच्छ येतात. ब्रँडो पुटपुटतो, तेव्हा सबटायटल लावायला लाजू नका. फक्त रेस्टॉरंटच्या सीनमध्ये डॉनचा शत्रू सोलोझो इटालियन बोलायला लागला आणि खाली भाषांतर आलं नाही तर काही बिघडलेलं नाही, ते तसंच आहे. तेव्हा समोर बसलेल्या मायकलच्या, म्हणजे डॉनच्या मुलाच्या, चेहऱ्याकडे बघा आणि मागून ट्रेनचा कर्कश आवाज कसा चढत जातो ते ऐका, ट्रेन एकदाही दिसत नाही. हा सीन मोबाइल हातात घेऊन बघणं म्हणजे पाप आहे!

पिक्चर १७५ मिनिटांचा आहे. ब्रेक घ्यायचाच असेल तर या रेस्टॉरंटच्या सीननंतर घ्या, साधारण मध्यावरच येतो. लग्नाच्या सीनमध्ये माणसं पटापट येतात आणि गोंधळ होतो, म्हणून एवढं लक्षात असू द्या: डॉन व्हिटोची मुलं सनी, फ्रेडो, मायकल, मुलगी कॉनी (लग्न तिचंच) आणि घरातच वाढलेला वकील टॉम हेगन.

दुसरा भाग १९७४ चा, तीन तास वीस मिनिटांचा, तो त्याच रात्री लावू नका. आणि दोन्ही भाग कालक्रमाने जोडलेली टीव्हीसाठीची आवृत्ती कुणी दिली तर ती पहिल्यांदा बघताना नकोच, दुसऱ्या भागात बाप (व्हिटो) आणि मुलगा (मायकल) आलटून पालटून दाखवलेत तेच तर खरं बघण्यासारखं आहे.